उठून चालण्याचा खर्च कोणी करायचा?

रुग्णालयातून घरी सोडताना हातात पडणारे डिस्चार्ज कार्ड एकदा नीट वाचून पाहा. रक्तदाबाची गोळी सकाळी किती आणि रात्री किती, जेवणाआधी की नंतर, टाके कधी काढायचे, पुन्हा दाखवायला कोणत्या तारखेला यायचे, हे सगळे तपशिलाने लिहिलेले असते. अगदी शेवटी, सहीच्या वर जेवढी जागा उरली असेल तेवढ्यात, एक शब्द असतो : फिजिओथेरपी. ती कोणाकडून घ्यायची, किती दिवस, आठवड्यातून किती वेळा, कुठे जाऊन आणि कोणाच्या पैशाने, यातले काहीच तिथे नसते. अर्धांगवायूने एक बाजू गेलेल्या किंवा खुब्याचे हाड मोडलेल्या माणसाचे पुढचे आयुष्य कसे जाणार हे ज्यावर ठरते, त्याची सगळी जबाबदारी त्या एका शब्दासह घरच्यांच्या हाती दिली जाते.

माझे म्हणणे सरळ आहे. आजार, अपघात किंवा शस्त्रक्रिया यांतून वाचलेल्या माणसाला पुन्हा उठते, चालते, बोलते आणि आपल्या हाताने जेवते करणे, म्हणजेच त्याचे पुनर्वसन, हा उपचाराचाच भाग आहे. ज्या सार्वजनिक पैशातून त्याची शस्त्रक्रिया झाली, त्याच पैशातून हेही व्हायला हवे. आज महाराष्ट्रात ते होत नाही. होते ते मुंबई-पुण्यात, ज्यांना परवडते त्यांच्यापुरते, आणि सैन्यात.

अर्धांगवायूचेच उदाहरण घेऊ, कारण त्यात ही गोष्ट सर्वांत स्वच्छ दिसते. झटका आल्यावर मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे. रुग्णालयांच्या भिंतींवर तशी भित्तिपत्रके असतात, तोंड वाकडे झाले का, हात उचलता येतो का, बोलणे अडखळते का, हे बघा असे सांगतात. चांगली गोष्ट आहे. पण याच आजाराला दुसरीही एक मुदत असते आणि तिचे भित्तिपत्रक मी कुठे पाहिलेले नाही. झटक्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मेंदू स्वतःची जुळवाजुळव सर्वाधिक वेगाने करत असतो. निकामी झालेल्या भागाचे काम शेजारचे भाग शिकू पाहतात, आणि ते शिकतात फक्त सरावाने, पुन्हा पुन्हा तीच हालचाल नीट करवून घेतल्याने. तीन महिन्यांनंतर सगळे थांबते असे नाही, वर्षा-दोन वर्षांनीही माणसे सुधारतात. पण त्या पहिल्या दिवसांत जे थोड्या कष्टांत साधते त्यासाठी पुढे फार झगडावे लागते.

आणि नेमक्या त्याच दिवसांत घरी काय चाललेले असते? रुग्ण पलंगावर उताणा. त्याला उठवताना घरचे लुळ्या हाताला किंवा काखेत धरून ओढतात, कारण दुसरे काही कोणी दाखवलेले नसते. त्या ओढण्याने खांदा खोबणीतून खाली सरकतो, दुखू लागतो, आणि मग रुग्ण त्या हाताला हातच लावू देत नाही. पाऊल पुढे कलंडून राहते, काही आठवड्यांत टाचेची शीर आखडते आणि पुढे उभे करायचे म्हटले तरी टाच जमिनीला टेकत नाही. पाणी पिताना ठसका लागतो, त्याकडे दुर्लक्ष होते, पाणी फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो आणि मग सगळे म्हणतात की झटक्यातून वाचला होता पण छातीत कफ झाला. बोलणे गेलेल्या माणसाला सगळे समजत असते, शब्द तेवढे सापडत नसतात. घरच्यांना वाटते डोक्यावर परिणाम झाला. ते त्याच्याशी बोलायचे थांबतात आणि त्याच्यासमोरच त्याच्या जमिनीच्या वाटण्यांची चर्चा करतात. कुणीतरी हातात मऊ चेंडू देऊन जातो, दाबत बसा म्हणून. पुष्कळदा त्या हाताची मूठ आधीच आवळत चाललेली असते, गरज असते ती उघडायला शिकण्याची. कोणी तेल चोळणारा आणतो, कोणी परजिल्ह्यातल्या गावी ‘पॅरालिसिसचे औषध’ द्यायला घेऊन जातो, कबुतराचे रक्त चोळण्यापर्यंतही मजल जाते. या लोकांना अंधश्रद्ध म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते तसे वाटत नाहीत. ज्या पोकळीत शास्त्राचा माणूस नाही तिथे जो कोणी ‘मी बरे करतो’ म्हणेल त्याच्याकडे माणसे जाणारच.

माझ्या मामांच्या बाबतीत हे सगळे मी जवळून पाहिले. रुग्णालयातला उपचार सरकारी योजनेतून झाला, एक पैसा लागला नाही, डॉक्टरांनी मनापासून केले, याबद्दल आमच्या घरात आजही कृतज्ञता आहे. घरी आल्यावर मात्र तालुक्याच्या गावी जो एक फिजिओ होता त्याच्याकडे नेण्यासाठी रोज गाडी ठरवावी लागे, दोन माणसे उचलायला लागत, आणि त्यातला एक आपला रोजगार बुडवून आलेला असे. पैसे संपण्याच्या आधी माणसांची उमेद संपली. मामी म्हणाली, “जीव वाचला हेच खूप आहे, आता त्यांना किती ताणायचं?” त्या वाक्यात हार नव्हती, प्रेमच होते. पण असे वाक्य म्हणण्याची पाळी तिच्यावर कोणी आणली, हा प्रश्न मला विचारायचा आहे.

पैशांचे गणित फार अवघड नाही. शहरात घरी येणारा फिजिओथेरपिस्ट एका वेळेचे 500 ते 1000 रुपये घेतो. आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने, कमीत कमी दराने धरले तरी साठ-बासष्ट वेळा म्हणजे 30 हजारांच्या पुढे. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. म्हणजे एका दिवसाचा व्यायाम दीड-पावणेदोन दिवसांच्या मजुरीएवढा, आणि तोही घरातला एक कमावता हात पडलेला असताना. वाचाउपचार, म्हणजे बोलणे आणि गिळणे सुधारणारा तज्ज्ञ, जिल्ह्याच्या ठिकाणीही शोधावा लागतो. व्यवसायोपचार, म्हणजे एका हाताने कपडे कसे घालायचे, भाकरी कशी तोडायची, संडासात बसायचे-उठायचे कसे हे शिकवणारे शास्त्र, हे तर अनेकांनी नावानेही ऐकलेले नसते.

आता योजनांकडे पाहू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही मिळून आज कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचे संरक्षण देतात, आणि 2023 च्या निर्णयानंतर राज्यातले प्रत्येक कुटुंब त्यात आले. हे मोठे काम आहे. पण या योजनांचा पाया आहे भरती झालेला रुग्ण. खाट, शस्त्रक्रिया, इम्प्लांट, भूल, औषधे यांचे पॅकेज ठरते आणि रुग्ण घरी गेला की हिशेब मिटतो. आयुष्मान भारतमध्ये रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च 15 दिवसांपर्यंतचा धरला आहे, तोही मुख्यत्वे तपासण्या आणि औषधांचा. बाह्यरुग्ण उपचार योजनेबाहेर आहेत. पुनर्वसन उपचार जवळजवळ पूर्णपणे बाह्यरुग्ण किंवा घरचे उपचार असतात, म्हणून ते आपोआप बाहेर पडतात. कुणी दुष्टाव्याने वगळलेले नाहीत, पण वगळले गेले आहेत हे खरे. खासगी आरोग्यविमाही बहुतेक वेळा इथेच हात वर करतो.

गुडघ्याचे पाहा. केंद्र सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये गुडघा बदलण्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, सर्वसाधारण प्रकारच्या सांध्याची किंमत 54,720 रुपयांवर आणली. हजारो कुटुंबांना त्याचा आधार झाला असेल. पण नव्या सांध्याने चालायला, जिना चढायला, गुडघा पुरेसा वाकवायला शिकवण्याचे पैसे कोण देणार, याची चर्चा त्या वेळी झाली नाही आणि नंतरही नाही. धातूची किंमत ठरवता येते, ती बिलात दिसते. स्नायूत परत आलेली ताकद बिलात दिसत नाही.

याहून मला अस्वस्थ करते ती गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणारी शेतकरी अपघात योजना. तिच्या हेतूबद्दल मला आदरच आहे. त्यात अपघाती मृत्यू झाला किंवा दोन अवयव निकामी झाले तर 2 लाख, एक हात, एक पाय वा एक डोळा गेला तर 1 लाख रुपये मिळतात. म्हणजे मळणी यंत्रात हात सापडलेल्या शेतकऱ्याचा हात कायमचा गेला हे सिद्ध झाले की राज्य त्याच्या मागे उभे राहते. तोच हात शस्त्रक्रियेने वाचला असेल आणि बोटे पुन्हा वळावीत म्हणून सहा महिने रोज उपचार हवे असतील, तर त्या सहा महिन्यांसाठी या योजनेत काही नाही. नुकसानीची भरपाई आपल्या व्यवस्थेला समजते, नुकसान होऊ न देणे समजत नाही.

अपंगत्वाच्या कायद्यातही हीच गाठ आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा चांगला आहे, त्याने 21 प्रकारची अपंगत्वे मान्य केली, आणि कलम 27 मध्ये पुनर्वसन सेवा देणे हे सरकार व स्थानिक संस्थांचे काम आहे असे म्हटले. आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत, ही पळवाट त्याच कलमात आहे. पण खरी अडचण दाराशी आहे. सवलतींचे बहुतेक दरवाजे 40 टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्राने उघडतात, आणि ते प्रमाणपत्र सहसा तेव्हा मिळते जेव्हा अपंगत्व आता बदलणार नाही असे डॉक्टरांना दिसते. म्हणजे सुधारण्याचे दिवस संपल्यावर. झटका येऊन तीन आठवडे झालेला माणूस या कायद्याच्या दृष्टीने धड दिव्यांग नसतो आणि योजनेच्या दृष्टीने रुग्ण उरलेला नसतो. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला, त्याचे मी स्वागत केले होते, आजही करतो. तरी एक धोका दिसतो : आरोग्य विभागाला असे वाटू शकते की पुनर्वसन आता तिकडचा विषय. तो आरोग्याचाच विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या सभेत सर्व देशांनी ठराव केला तो हाच, की पुनर्वसन आरोग्यव्यवस्थेच्या आत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून असले पाहिजे. त्यांच्या अंदाजाने जगात सुमारे 240 कोटी लोकांना, म्हणजे दर तिघांतल्या एकाला, आयुष्यात अशा स्थितीला तोंड द्यावे लागते आहे जिथे या सेवेचा उपयोग होईल.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हते, असे म्हणायला जागा नाही. उलट या देशात त्याची सुरुवातच इथे झाली. अमेरिकेत जन्मलेल्या, विष्णू निंबकरांशी लग्न करून इथल्या झालेल्या कमला निंबकर फिलाडेल्फियाहून व्यवसायोपचार शिकून आल्या आणि 1950 मध्ये त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातले त्या विषयाचे पहिले विद्यालय सुरू केले. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथेच फिजिओथेरपीचेही विद्यालय निघाले, महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीने. पोलिओने मुलांचे पाय लुळे पडत होते आणि त्यांना उभे करणे ही आपली जबाबदारी आहे असे त्या काळातल्या शहराने मानले होते. 1955 मध्ये हाजी अलीजवळ केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. ती आजही आहे, तिथे कृत्रिम अवयव बनतात, पाठीचा कणा दुखावलेले रुग्ण शिकतात. पण त्या सत्तर वर्षांत हे काम मुंबईच्या वेशीबाहेर फारसे सरकले नाही. नंदुरबारच्या किंवा हिंगोलीच्या माणसाने त्यासाठी हाजी अलीला यायचे म्हणजे काय, हे ज्याने लुळ्या माणसाला एसटीत चढवले आहे त्यालाच कळेल.

पुण्यातले उदाहरण तर याहून बोलके आहे. सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र तिथे 1944 मध्ये सुरू झाले. खडकीला कमरेखाली लुळ्या पडलेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र 1974 पासून आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. सैन्याने त्यांना पेन्शन देऊन घरी पाठवण्यावर भागवले नाही, उपचारांचा भाग म्हणून पोहायला लावले, खेळात उतरवले, आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले. प्रत्येकाने पदक जिंकावे असे कोणी म्हणत नाही. पण सैन्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते : आमच्या कामात जखमी झालेल्या माणसाला जमेल तेवढे परत उभे करणे हे आमचे देणे आहे. रस्त्यांवरच्या अपघातांत महाराष्ट्रात दरवर्षी 15 हजारांच्या आसपास माणसे मरतात, त्यांच्याहून अधिक जबर जखमी होतात. ऊसतोड मजूर, बांधकामावरचा गवंडी, दुचाकीवरून माल पोचवणारा पोरगा, हे कोणाच्या कामात जखमी होतात?

नागरी जीवनात हे देणे कोणी फेडले असेल तर ते ज्यांना स्वतःला त्यातून जावे लागले अशा माणसांनी. कोल्हापूरच्या नसीमा हुरझुक, ऐन तरुणपणी कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या, यांनी 1984 मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली आणि किती तरी मुलामुलींना चाकाच्या खुर्चीवरून शिक्षणात, नोकरीत, स्वतःच्या संसारात नेले. अशा संस्थांपुढे मान लवते. पण नसीमादीदी प्रत्येक जिल्ह्यात जन्माला येणार नाहीत, आणि सरकारने त्या याव्यात म्हणून वाट पाहत बसू नये.

यावर नेहमीचे उत्तर असते की घरच्या माणसांना शिकवा. आपल्याकडे कुटुंब आहे, पाश्चात्त्यांसारखे एकटे राहणारे म्हातारे नाहीत, चार व्यायाम दाखवले की सून करून घेईल. हे उत्तर मलाही एके काळी पटण्यासारखे वाटे, कारण ते स्वस्त आहे आणि आपल्या नात्यांवर विश्वास टाकणारे आहे. पण त्याची रीतसर परीक्षा झालेली आहे. भारतातल्या 14 रुग्णालयांमध्ये अर्धांगवायूच्या 1250 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. निम्म्या रुग्णांच्या नातेवाइकांना व्यायाम व काळजी शिकवून घरी तेच करवून घ्यायला सांगितले, उरलेल्यांना नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत सारखेच 47 टक्के रुग्ण एक तर मरण पावले होते किंवा परावलंबी होते. काही फरक पडला नाही. याउलट, प्रशिक्षित पथक असलेले अर्धांगवायूचे वेगळे कक्ष, आणि लवकर घरी सोडून त्याच पथकाने घरी येत राहणे, यांनी परावलंबन कमी होते हे इतर देशांतल्या अनेक चाचण्यांतून दिसले आहे. माया कमी पडली म्हणून भारतातले ते रुग्ण मागे राहिले असे मी म्हणणार नाही. हे कौशल्याचे काम आहे, रोज बदलत जाणारे, आज जमलेल्या हालचालीच्या पुढची उद्या काय मागायची हे ओळखण्याचे, आणि ते दोन-चार बैठकांत सुनेच्या हाती सोपवता येत नाही.

सुनेच्या, म्हणालो. मुद्दाम म्हणालो. ‘कुटुंब’ हा शब्द वापरताना आपण कोणाबद्दल बोलतो हे उघड करायला हवे. दर दोन तासांनी कूस बदलणारी, चादर धुणारी, भरवणारी, रात्री उठणारी जवळजवळ नेहमी बाईच असते : बायको, सून, नोकरी सोडलेली मुलगी. शहरात पैसे असतील तर ब्युरोतून बारा तासांची बाई येते, आणि ती स्वतःच्या घरचा असाच कोणी मागे ठेवून आलेली असते. घरच्यांनी करावे या धोरणाचा अर्थ बाईच्या फुकट श्रमावर आरोग्यव्यवस्थेची एक बाजू उभी करणे असा होतो.

मग कुटुंबाच्या घरी कोणी जायचे? याचेही उत्तर महाराष्ट्राने एकदा देऊन झाले आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघरी जाऊन काळजी घ्यायला लावली. 39 गावांत नवजात बाळांचे मृत्यू, म्हणजे पहिल्या महिन्यातले मृत्यू, 62 टक्क्यांनी घटले. ते काम 1999 मध्ये जगापुढे आले, 2011 पासून ते देशभर आशाताईंच्या कामाचा भाग झाले. आज आशा बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते, तिच्याकडे काय पाहायचे याचा तक्ता असतो, तिला त्याचा मोबदला मिळतो, आणि अडले तर कुठे पाठवायचे हे ठरलेले असते. याच गडचिरोलीत पुढे झालेल्या अभ्यासात आढळले की तिथल्या गावांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण अर्धांगवायू आहे, सातातला सुमारे एक मृत्यू त्याने होतो, आणि त्यातले बहुतेक घरीच होतात. म्हणजे आजार खेड्यात पोचला आहे. घरोघरी जाण्याची पद्धत तिथे आधीपासून आहे. या दोघांना जोडणारा प्रशिक्षित माणूस तेवढा नाही. आशाने एकटीने हे करावे असे मी म्हणत नाही, तिच्या डोक्यावर आधीच पुष्कळ आहे. ती रुग्ण शोधेल, आठवण देईल, अंगावर व्रण पडताहेत का पाहील. व्यायामाचा आराखडा ठरवायला आणि बदलायला मात्र फिजिओथेरपिस्ट किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञच हवा, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात कायम पगारावर, आणि ठरलेल्या दिवशी गावात जाणारा.

असा माणूस नसतो तेव्हा त्याची जागा शिबिरे घेतात. कृत्रिम पाय, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या वाटण्याची शिबिरे आपल्याकडे उत्साहाने होतात. जयपूर फूट 1968 मध्ये तयार झाला तो आपल्या माणसासाठी, उकिडवे बसता यावे, अनवाणी शेतात जाता यावे म्हणून, आणि तो पाय लाखमोलाचा आहे. पण पाय बसवला की माणूस चालू लागत नाही. उरलेल्या मांडीचे स्नायू बळकट करावे लागतात, तोल शिकावा लागतो, पहिल्या महिन्यांत खुंट, म्हणजे कापल्यावर उरलेला भाग, आक्रसतो म्हणून कृत्रिम पायाची खोबण पुन्हा बसवावी लागते. शिबिर एक दिवसाचे असते. नंतर पाय चावतो, जखम होते, आणि तो खुंटीला टांगला जातो. मधुमेहाने पाय कापावे लागणाऱ्यांची संख्या वाढत असताना वस्तू वाटण्यावर थांबणे परवडणारे नाही.

या व्यवसायातल्या लोकांनाही काही सांगायला हवे. गावोगावी फिजिओथेरपी म्हणजे ‘शेक घेणे’ किंवा ‘करंट देणे’ अशी समजूत झाली आहे, आणि ती रुग्णांनी एकट्यांनी करून घेतलेली नाही. यंत्र लावून वीस मिनिटे झोपवणे सोपे, एका वेळी चार रुग्ण होतात. लुळ्या पायावर भार टाकून उभे राहायला शिकवणे घाम काढणारे काम आहे, तिथे एकाला एकच माणूस लागतो. सप्टेंबर 2025 मध्ये फिजिओथेरपिस्टांनी नावापुढे ‘डॉ.’ लावावे की नाही यावर केंद्राचे पत्र निघाले, मागे घेतले गेले, आणि दोन्ही बाजूंनी केवढा आवेश दिसला. त्या आवेशाचा थोडा भाग तालुक्यात पदे निर्माण व्हावीत यासाठी वापरला गेला असता तर मी त्यांच्या मोर्चात चाललो असतो.

पैसे कुठून आणायचे, हा आक्षेप येणारच. वर काढलेला 30 हजारांचा आकडा हा खासगी दराने, घरी येण्याचा आहे. तो जसाच्या तसा धरला तरी 5 लाखांच्या संरक्षणातले सहा टक्के होतात. रुग्णालयात चार-पाच रुग्णांचे गट करून काम झाले तर खर्च याहून बराच उतरेल. योजनेत आजच्या पॅकेजांना जोडून पुढच्या तीन महिन्यांच्या पुनर्वसनाचे पॅकेज ठेवता येईल : अर्धांगवायू, डोक्याला किंवा मणक्याला मार, खुब्याचे व मांडीचे हाड, अवयव कापणे, सांधा बदलणे, एवढ्यांपासून सुरुवात करावी. रुग्णालयाला शस्त्रक्रियेच्या पैशाचा शेवटचा हप्ता तेव्हाच मिळावा जेव्हा रुग्ण तालुक्याच्या थेरपिस्टकडे नोंदला गेला असेल. आणि ने-आणीची सोय हवी. प्रसूतीसाठी 102 ची गाडी बाईला दवाखान्यात नेते आणि बाळासह घरी सोडते, तशीच गाडी आठवड्यातून दोनदा लुळ्या माणसासाठी का फिरू नये, याचे समाधानकारक कारण मला अजून कोणी दिलेले नाही.

माणसे मिळणार नाहीत, हे तर अजिबात खरे नाही. राज्यात फिजिओथेरपीची सरकारी आणि खासगी महाविद्यालये भरपूर आहेत, व्यावसायिकांच्या नोंदणीसाठी 2002 चा राज्याचा कायदा आहे, देशपातळीवर 2021 चा. साडेचार वर्षे शिकून बाहेर पडलेली मुले-मुली शहरातल्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबतात किंवा परदेशाची परीक्षा देतात. त्यांच्या अभ्यासक्रमातच सहा महिन्यांची आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप, आहे, आणि ती बहुतेक जण महाविद्यालयाला जोडलेल्या मोठ्या रुग्णालयात पुरी करतात. त्यातले दोन महिने 30 खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात, अनुभवी थेरपिस्टच्या हाताखाली, राहण्याची सोय आणि विद्यावेतन देऊन ठेवायचे ठरवले, तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. आरोग्य विद्यापीठ, वैद्यकीय शिक्षण विभाग आणि सार्वजनिक आरोग्य विभाग यांनी एकत्र बसायला लागेल. आधी एखाद्या जिल्ह्यात करून पाहावे, गडचिरोलीत किंवा बीडमध्ये, आणि सहा महिन्यांनी किती जण स्वतःच्या पायांनी संडासापर्यंत जातात एवढेच मोजावे.